दारातलं हिरवं तोंड

३ तारीख, सोमवार
विचारलं नाही, सांगितलं नाही — नातीने तिच्या लाँड्रीच्या दारात खोकं ठोकलं! त्यावर तीन बटणं, तोंडांची. हिरवं हसतंय, पिवळं गप्प, लाल रडतंय. घरी जाताना बायांनी त्यातलं एक दाबायचं. कामात कोणाचं मन लागतं ते म्हणे त्यावरून कळतं. मी दाराशीच घड्या घालत बसते — मला डोळे नाहीत का? मला विचार की!

४ तारीख
सगळं हिरवं. नात हवेत. "बघ आजी, सगळ्या खूश!" खूश कसल्या! पिशव्या सावरत कोपराने दाबतात आणि सुटतात. मी गप्प बसले. म्हणजे एकदाच बोलले.

६ तारीख
इस्त्रीवाली काकू म्हणाली, महिनाअखेर सोडते. सगळ्यांत जुनी बाई. ती गेली की बाकीच्या तिच्यामागे, आणि मग हॉस्पिटलच्या चादरी कोण करणार — माझी हाडं? ते काम गेलं की लाँड्रीला कुलूप. नात चादरीपेक्षा पांढरी पडली.

काकूला वाळवणाच्या दोरीपाशी गाठलं. "अगं, मग रोज हिरवं कशाला दाबतेस?"

"लाल दाबून काय होणार, आजी? टेबल बुटकं आहे, वाकून पाठ धरते, दोनदा सांगितलं. मालकीणबाई, तुमची नात हो, 'बघू' म्हणाल्या. भिंतीशीच बोलायचं तर घरी चार आहेत की!"

७ तारीख
नातीला झाडलं. "विचारतेस आणि उत्तर देत नाहीस! दाराची कडी वाजवून पळणारी पोरं अशीच!" फणफणली. मग स्वतःच सुतार घेऊन आली. काकूला उभं करून तिच्या मापाने टेबलाखाली ठोकळे घातले.

तेवढ्यात धुणंवालीने पंखा मागितला. नात तोंडावर म्हणाली, "आत्ता जमत नाही. उन्हाळ्याआधी लावते." मला वाटलं, आता धुणंवाली फुगणार. तर म्हणते, "बरं झालं, एकदाचं कळलं तरी!"

१० तारीख, सोमवार
काकू राहिली! जिंकलो! कुलूप गेलं खड्ड्यात.

११ तारीख
आज खोक्यात सगळं लाल! नात रडकुंडीला. "आजी, संपलं गं." वेडी कुठली! आज एकीनेही कोपर लावलं नाही. थांबून, बोटाने, माझ्याकडे बघत दाबलं — काकूने तर हसत! ऐकणारं माणूस आहे म्हटल्यावर बाया खरं बोलायला लागल्या. नातीला सांगितलं, डोळे पूस, उद्या सकाळी दारात उभी राहा. एकेकीला उत्तर तूच द्यायचं. मी नाही, सुतार नाही, आणि ते खोकं तर नाहीच नाही.