तालीम सुटली, खुराक सुटला नाही

सोमवार, ३ नोव्हेंबर. सांगली.

मंदा, आधी चष्मा शोध. कपाळावर बघ, तिथंच असणार. मागल्या खेपेला फोनवर हुलगे सांगितले तर तू हळद पाठवलीस, आणि वर मलाच, "आत्याबाई, तुमीच हळद म्हनला." म्हणून आता फोनवर काही नाही. इथं थोरल्याकडं आहे तोवर रोजचं वहीत घालणार, आणि वही तुझ्याकडं गावाला धाडणार. धाकटी सून म्हणून तुला हा मान.

मला अक्षर येत नाही. मी बोलते, नात ऋतुजा लिहिते. माझं "हाय" खोडून "आहे" करते. करू दे, दहावीला आहे. बापाचं नाव लिहायला मात्र लाजते, म्हणून हाकेशिवाय तानाजीचं नुसतं "ता."

आज ता. कुपवाडहून कामावरनं आला. खाली गाडी लावल्याचा आवाज झाला. मग दार वाजेपर्यंत मी थापलेली भाकरी हातात धरून उभी. दोनच मजले. मधे दोनदा थांबला. वर आल्यावर म्हणतो, फोन आला होता. फोन आला तर माणूस बोलतो. हा नुसता धापा टाकत होता.

मंगळवार, ४

डॉ. कडं. मी हट्टानं गेले. ता. म्हणाला, "आई, तू कशाला?" म्हटलं, तुला जन्माला घातलं तवा बी मीच होते.

साखर वाढलेली. रक्तदाब वाढलेला. वजनाचा काटा बिचारा गप्प बसला.

डॉक्टरीणबाई वयानं लहान. विचारलं, "व्यायाम?"

ता. छाती काढून, "मी पैलवान हाय."

"आता काय करता?"

"बारा वर्सं तालमीत काढली."

"काका, मी आत्ताचं विचारतेय."

ता. भिंतीवरचा तक्ता वाचायला लागला.

मग खाण्याचं विचारलं. ते मी सांगितलं, ताठ मानेनं. सकाळी भिजवलेले बदाम, दोन पेले दूध, भाकरीवर तूप, आठवड्याला दोनदा मटण. पैलवानाचा खुराक आहे म्हटलं. तूप घरचं, गावाकडनं आम्हीच पाठवतो.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "आजी, तालीम कधी सुटली?"

"वीस वर्सं झाली."

"आणि खुराक?"

मी पिशवीचे बंद बांधायला घेतले.

छातीची ईसीजीची पट्टी काढली. काहीतरी शंका आहे म्हणे. पुढल्या आठवड्यात पळत्या पट्ट्यावर चालवून बघणार. तोवर सपाटीला सावकाश चालायचं. जोर-बैठका अजिबात नाहीत.

बुधवार, ५

तू कढवतेस, मी बरणीला फडकं बांधते, आणि एस्टीत ठेवतो. वीस वर्षं. पोरगं लांब, त्याचे खायचे हाल होऊ नयेत. तुझी चूक नाही, मंदा. तू सगळं विसरतेस, पण तूप कधी विसरली नाहीस. नेमकं तेच विसरायचं होतं.

गुरुवार, ६

चालायला जा म्हटलं. ता. म्हणाला, "चालनं ही काय मेहनत हाय व्हय?"

तालमीत व्यायामाला मेहनत म्हणतात. हजार बैठका, पाचशे जोर, तांबडी माती खोदायची, ती मेहनत. चालणं म्हणजे पांढरे बूट, कानटोपी, बागेत टाळ्या वाजवणारे म्हातारे. "कारखान्यात समदी पैलवान म्हनत्यात मला. त्यास्नी काय दावू? काठी बी आनून दे एक."

इथंच घोडं अडलंय. केली तर हजार, नाहीतर शून्य. मधला आकडा याला कुणी शिकवलाच नाही. वस्तादांनी पाडायला शिकवलं. कुस्ती सुटल्यावर अंगाचं काय करायचं, हे ना त्यांनी सांगितलं, ना मी विचारलं.

मी कुठं तालमीत गेले होते? मेंढरांमागं चालले, पंचमीला फुगड्या घातल्या. फुगडीत मला हरवणारी पंचक्रोशीत नव्हती, हे तुझी सासू म्हणून नाही सांगत, खरं आहे. आजही औंधला गेले तर यमाईचा निम्मा डोंगर चढते. का? तर मला कुणी "आता थांब" म्हटलंच नाही. बाईला कोण थांब म्हणतंय!

शनिवार, ८

ऋतुजाच्या खो-खोच्या बाई घरी आल्या. चार वर्षं खेळते पोरगी. खांबापाशी असा सूर मारते की बघणारा जागचा उठतो. ता. म्हणाला, "दहावी हाय. खेळ बंद. फुडं बघू."

फुडं बघू. हेच याच्या लग्नात तुझ्या सासऱ्यांनी म्हटलं होतं. नोकरी लागली, आता तालीम राहू दे, फुडं बघू. मी हळदीचं ताट घेऊन तिथंच उभी होते. बोलले नाही.

आज बोलले. "तानाजी, तुजं फुडं कवा आलं रं?"

उठून बाहेर गेला. बाईंचा चहा तसाच.

(ऋतुजा, रडू नको. शाई पसरते.)

रविवार, ९

पोरगी माझीच नात, आडवाट तिला ठाऊक. सकाळी गच्चीत बैठका काढायला लागली, मुद्दाम वाकड्या. ता. चहा पीत बघत होता. जरा वेळानं, "गुडघा आत जातोय." मग, "टाच उचलू नगंस." मग कप खाली. "सरक. दावतो."

मी हसले. तिथंच चुकले.

दहा झाल्या. डॉक्टरीणबाईंचं आठवलं. म्हटलं, बास. पंधरा. म्हटलं, तानाजी, बास. शड्डू ठोकून म्हणतो, "आई, आत्ता कुटं अंग गरम व्हतंय." तिसाच्या पुढं चेहरा राखेसारखा झाला. कठडा धरून खाली बसला. घाम नुसता. थोरली सून सुनीता किंचाळली, रिक्षा कुणी आणली ते आठवत नाही. रिक्षात त्याचा हात माझ्या हातात. केवढा हात, मंदा. आणि गार.

दवाखान्यात दिवसभर ठेवला, संध्याकाळी सोडला. डॉक्टरीणबाई रागावल्या. "काका, पैलवानकी साठवून ठेवता येत नाही."

खरं आहे. लोणचं थोडंच आहे ते.

सोमवार, १०

ऋतुजा म्हणते, माझ्यामुळं झालं. सुनीता म्हणते, मी गच्चीत जाऊच द्यायचं नव्हतं. मी म्हणते तूप. घरात तिघी, तिघींची आपापली चूक. ज्याची खरी, तो भिंतीवरल्या फोटोकडं बघत पडलाय. फोटोत खांद्यावर गदा, पोट पाठीला लागलेलं. मला वाटतं आता, हा फोटोच उतरवावा. सुनीता म्हणाली, नको, त्यांना वाईट वाटंल. काय करावं ते...

गुरुवार, १३

पट्ट्याची तपासणी. मला आत घेतलं नाही, दाराच्या फटीतून बघितलं. ता. नं नर्सला विचारलं, "मानसं किती येळ टिकत्यात ह्याच्यावर?" ती म्हणाली, "काका, ही कुस्ती नाही." पट्टा सुरू झाला. मी यमाईला म्हटलं, याला हरू दे. जन्मात पहिल्यांदा हे मागितलं.

मधेच नर्स म्हणाली, थांबा. आणि मंदा, तो थांबला. एका शब्दावर. मला हायसं वाटायच्या ऐवजी धसकाच बसला. न ऐकणारं पोरगं ऐकायला लागलं की आई घाबरते.

डॉ. म्हणाल्या, मोठ्या डॉक्टरांना कागद दाखवते, सोमवारी सांगते. कदाचित हातातून तार घालून हृदयाच्या नळ्या बघाव्या लागतील. तोवर गोळ्या. सपाटीला दहा-पंधरा मिनिटं चाललं तर चालेल, सोबत माणूस हवं, छातीत काही वाटलं की थांबायचं.

शनिवार, १५

सकाळी चपला घातल्या. विचारलं, चालायला? "न्हाई. पोरीला मैदानावर सोडाय चाललोय. आटवड्यातनं तीन दिस खेळंल म्हनं, त्या बाईला सांगितलंय." पांढरे बूट सुनीतानं आणून ठेवलेत, त्यांच्याकडं बघितलंसुद्धा नाही.

ऋतुजा सांगते, ती खेळत होती तवर हा मैदानाच्या कडेनं फिरत होता. दोन फेऱ्या, मग दगडावर बसला. मग आणखी एक. मधे खेळणाऱ्या पोरींना "खाली वाका, खाली" म्हणून ओरडलाही.

जिन्यात परत दोनदा थांबला. पण फोन आला होता म्हणाला नाही. "दम लागला," म्हणाला. वीस वर्षांत हा शब्द याच्या तोंडून पहिल्यांदा.

मी विचारलं, "झाली का मेहनत?"

चपला काढून कोपऱ्यात लावल्या. "झाली थोडी."

थोडी. ऋतुजा, या शब्दाखाली रेघ मार.

रविवार, १६

उद्या सोमवार. उद्या कळेल तार घालायची का ते. सकाळपासून तीनदा तांदूळ निवडले, त्यात खडा नव्हताच.

वही आज गावाकडच्या माणसाबरोबर देते आहे, म्हणून इथंच थांबते. मंदा, तूप पाठवू नको. कढवलं असेल तर तुझ्या नवऱ्याला घाल, तो अजून रानात राबतो. त्यालाही बेतानंच. बदाम नकोत. हुलगे पाठव, पायलीभर, निवडून. माडगं करून घालीन याला, पातळ, लसूण घालून. हुलगे. परत सांगते, हळद नव्हे.