मासा सगळ्यात शेवटी

३ एप्रिल
निर्णय पक्का. दिवसभर दुकानात खत-बियाण्यांची गिऱ्हाइकं डोकं खातात, घरी आलं की घर आहेच. संध्याकाळी माणसाला समोर बसायला असं काहीतरी हवं, जे बोलत नाही. मासे बोलत नाहीत. तेही साधे नकोत, समुद्राचे हवेत, प्रवाळासकट. तीन फुटी काचेची टाकी आणली, हॉलमध्ये ट्रेडमिलच्या शेजारी ठेवली. ट्रेडमिलवर सध्या गोधड्या असतात. तो विषय वेगळा.

आरोही खूश. दहावीची परीक्षा झाली, जूनमध्ये लातूरला हॉस्टेलवर जाणार. तिला तो नारिंगी, पांढऱ्या पट्ट्यांचा मासा पाहिजे. ती जायच्या आधी टाकीत असेल, असा शब्द दिला. वेळ भरपूर आहे.

५ एप्रिल
खरेदीचा क्रम ठरवला. लोक इथंच चुकतात. आधी मासा आणतात, मग त्याला काय लागतं ते बघत बसतात. आपलं तसं नाही. आधी सामान, मासा सगळ्यात शेवटी. परदेशातल्या एका गृहस्थाचे बरेच व्हिडिओ बघितले. त्याच्याकडे पहिला नंबर हीटरचा. मागवला.

१२ एप्रिल
हीटर आला. क्वालिटी उत्तम. सौ.नं विचारलं, हे काय? सांगितलं, पाणी गरम ठेवायला. ती खिडकीबाहेर बघत राहिली. बाहेर उन्हात कुत्रंसुद्धा नव्हतं. टाकीत बोअरचं पाणी भरून थर्मामीटर घातला. हीटर न लावताच पस्तीस. प्रवाळाला सव्वीस लागतं.

म्हणजे पाणी गार करायचं मशीन आधी. क्रमात किरकोळ बदल. हीटर थंडीत कामाला येईल.

१९ एप्रिल
बोअरचं पाणी चालत नाही म्हणे, क्षार फार. समुद्राला क्षार चालत नाहीत हे ऐकूनच दमलो. तर ते पाणी आरओमधून काढून एकदम शुद्ध करायचं, आणि मग त्यात पिशवीतलं मीठ घालायचं. आईचं म्हणणं, मीठच घालायचं तर आधी साफ कशाला करायलास? याला उत्तर आहे. पण फार टेक्निकल आहे.

२७ एप्रिल
आरओ बसवला. एक बादली चांगलं पाणी निघतं, तीन बादल्या फेकायचं. इकडे नळ आठवड्यानं येतो आणि बोअर आटत चाललाय. सौ.नं आवाज चढवला नाही. घरातल्या बादल्या, घागरी, पातेली सगळी त्या नळीपासून रांगेनं मांडली. मला हॉलमध्ये यायला वाट उरली नाही. फेकायच्या पाण्यात धुणं होतं, हा आरओचा फायदा शेवटी मीच तिला समजावून सांगितला.

१० मे
मीठ घातलं. टाकी काठोकाठ. आमच्या घाटनांदुरात समुद्र. माणसं बघायला येतात, वाकून बघतात, पाणीच दिसतं. मासे कुठं, म्हणून विचारतात. पाणी आधी पिकावं लागतं, माशांना मानवेल असं व्हायला महिना जातो, हे प्रत्येकाला सांगून घसा बसला. भावकीतले रामप्रसादकाका बोट बुडवून चाखून गेले. म्हणाले, खारट हाय, म्हंजी खरा हाय. एवढा एकच समजूतदार माणूस भेटला.

आईलाही आता पटलंय. एवढं मीठ घरात असल्यावर कुणाची दृष्ट लागायची न्हाई, म्हणते.

२२ मे
वादळात लाइट गेली, सोबत टाकीतलं पाणी फिरवणारा पंप बंद. पाणी फिरतं राहिलं नाही तर पुढे मासे मरतील. म्हणजे बॅटरीची सोय आधी, गार करायचं मशीन नंतर. वायरमन सोमनाथ म्हणाला, इन्व्हर्टरवर एक तर फ्रिज, न्हाई तर टाकी. फ्रिजमध्ये आमरस होता. घरात मतदान झालं. तीन विरुद्ध एक. आरोही तरी माझ्या बाजूनं असायला हवी होती.

२ जून
आरोही म्हणाली, एकच आणा, लहानसा. सांगितलं, पाण्यातली घाण ओढणारं यंत्र, स्किमर, ते नसताना मासा आणणं म्हणजे त्याला हातानं मारणं. मग म्हणाली, समुद्राचा नसला तरी चालेल, कुठलापण आणा. नाही म्हणालो. हलक्या मालावर समाधान मानायचं नाही, हे लेकीला बापानं नाही शिकवायचं तर कुणी? स्किमरची ऑर्डर दिली आहे. येईलच.

१६ जून
आरोही गेली. निघताना टाकीपाशी थांबली आणि काचेवर बोट वाजवलं. आत कोणीच नव्हतं. स्किमर कुरिअरवाल्याकडे अडकलेला. यात माझी चूक शून्य. दुकानात पेरणीची गर्दी होती, तरी लक्ष लागलं नाही. जेवणही गेलं नाही. पित्त असावं.

५ जुलै
स्किमर आला. खोकं उघडलं नाही. वेळ नाही. टाकीतलं थोडं पाणी मात्र बदललं. जुनं पाणी वाया जाऊ नये म्हणून आईनं कढीपत्त्याला घातलं.

२० जुलै
कढीपत्ता वाळला. हाताशी आलेलं पोर गेल्यासारखी आई त्याच्यापाशी बसून असते. माझ्याशी बोलत नाही. घरात शांतता हवी होती, पण ही नव्हे.

९ ऑगस्ट
नळाची लाइन फुटली, पाणी कधी येईल कुणाला माहीत नाही. आज टँकर आला. मी दुकानात. परत येऊन बघतो तर सौ.नं समुद्र मोरीत सोडलेला, टाकी घासूनपुसून गोड्या पाण्यानं भरलेली, काठावर ओगराळं अडकवलेलं. भांड्याला-धुण्याला लागतं, म्हणाली. मी बजावलं, हे तात्पुरतं आहे. ती हो म्हणाली. एवढ्या लवकर ती कधी हो म्हणत नाही.

१२ सप्टेंबर
डेंग्यूच्या सर्व्हेला आरोग्य खात्याच्या आशाताई आल्या, नाव बबिता. टाकीत टॉर्च मारला. पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. मी सांगितलं, ही साधी टाकी नव्हे, हिच्यात प्रवाळ येणार आहे. त्यांनी मान डोलावली आणि नोंद केली: उघडं साठवलेलं पाणी. मग पिशवीतून पाच-सहा गप्पी मासे सोडले. हे अळ्या खातात, सरकारी आहेत, फुकट आहेत, म्हणाल्या. मी विचारलं, यांना टेंपरेचर किती लागतं? त्या म्हणाल्या, दादा, ह्यास्नी काई लागत न्हाई.

दोन दिवसांत मरतील. लिहून ठेवतो.

४ ऑक्टोबर
मेले नाहीत. पिल्लं झाली. लाइट जाते, मरत नाहीत. सौ. ओगराळ्यानं पाणी काढते, तेव्हा बाजूला होतात, मरत नाहीत. आई पोळीचा चुरा टाकते आणि त्यांच्याशी बोलते. माझ्याशी अजून बेताचंच.

संध्याकाळी मीही समोर बसतो. निव्वळ निरीक्षण म्हणून.

२३ ऑक्टोबर
भाऊबीज. आरोही काल आली. बॅग दारातच टाकून थेट टाकीपुढे जाऊन बसली. मी लगेच खुलासा केला. हे आपले नव्हेत, आशाताईंनी सोडलेले, आरोग्य खात्याचे आहेत, मूळ प्लॅन कायम आहे, स्किमर आलेला आहे, फक्त खोकं उघडायचं बाकी आहे. तिचं लक्ष नव्हतं. तिनं काचेवर बोट वाजवलं. या वेळी सगळी पिल्लं बोटाकडे धावली. ती हसली आणि बोट इकडून तिकडे फिरवत राहिली, पिल्लं मागोमाग. मग मागे न बघता म्हणाली,

"पप्पा, मी जायच्या आधीच आशाताई यायला पाहिजे होत्या."

चिडून म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती रविवारी परत जाणार.

थंडी पडायला लागली आहे. उद्या यांना हीटर लावतो, एवढंच म्हणालो.