वर्दी सोलापुरातच बदलीन

गाझा, जानेवारी १९५९

अम्माला जैनूचा सलाम. हमिदा, सावकाश वाचून दाखव.

मी खुशाल आहे. मटण मिळतं, भाकरी न्हाय. अम्मा, तुझा दमा कसा आहे?

आम्हाला 'युनोचे पोलीस' म्हणतात हे ऐकून तू जेवली न्हाईस म्हणं. ही आपल्या नळदुर्गातली अठ्ठेचाळीस सालची, निजामावर फौज आली ती पोलीस अ‍ॅक्शन न्हाय. वर्दी तीच आहे, काम दुसरं. आम्ही दोन देशांच्या मधे नुसता पहारा देतो.

काल निर्वासितांच्या तंबूतल्या एका म्हातारीनं मला बघून लेकरं आत ओढली. सलाम केला तेव्हा बाहेर आली. मागच्या रजेत तूही मला वर्दीत बघून कडी लावली होतीस. आवाज ओळखल्यावर उघडलीस.

या खेपेला सोलापूरच्या स्टेशनावरच पायजमा-सदरा घालून येईन.

तुझा जैनू