घोडीबिगर गाडा

२१ सप्टेंबर, रविवार
माळ्यावरचा संगणक चालू झाला! माझ्या शाळेच्या दिवसांतला, कीबोर्डातच सगळा जीव. निगडीतले दुकानदार म्हणाले होते भंगारात घाला. त्यांनाच घालावं. जुना डबा टीव्ही जोडला, कॅसेट गुरगुरली आणि आमचा बैलगाडा पडद्यावर. दत्ताला फोन. थेरगावचा, वर्गातला, तेव्हा हा गेम दोघांनी मिळून लिहिलेला.
त्याचे वडील, तात्या, घाटात, म्हणजे शर्यतीच्या चढावर, खरे गाडे पळवायचे. पुढं वाट दाखवणारी घोडी, मागं चार बैल. तेव्हा आमचा गेम बघून एवढंच बोलून उठले होते: "घोडीबिगर गाडा व्हय? ही तर सुटलेली जनावरं."
आता ऐंशी पार. मोतीबिंदू काढलाय, गेम परत बघतो म्हणतात. खंडेनवमीला आणायचं ठरलं, दत्ताचं वर्कशॉप त्या दिवशी बंद.
म्हणजे तोवर घोडी पाहिजे. गाड्याच्या पुढं.

२३ सप्टें.
अडचण तेव्हाचीच. चिप आठच हलती चित्रं दाखवते. एका बैलाला दोन लागतात, पुढचा अर्धा नि मागचा अर्धा. चार बैलांत आठ संपली. घोडी नववी. बैल बारीक केले तर शेळ्या दिसतात. सौ. म्हणाली, "मग शेळ्यांची शर्यत ठेवा." विनोदी सदर मी लिहितो, सुचतं हिला. तेही पोळ्या लाटताना.

२५ सप्टें.
दत्ता आला. चाकणजवळ महाळुंग्यात वर्कशॉपच्या वर त्याच्या खोल्या, कंपन्यांतली पोरं भाड्यानं राहतात. माझं रडगाणं ऐकून हसला. "माझ्याकडं एका खाटेवर दोघं असतात राव. एक फर्स्ट शिफ्टला गेला की नाइटवाला येऊन पडतो. भांडण न्हाई."
खाट!
टीव्हीचा किरण चित्र वरून खाली, ओळीओळीनं काढत येतो. गाडा घाट चढतोय, म्हणजे घोडी वर, बैल खाली. घोडी काढून झाली की तेच चित्र खाली पाठवायचं, बैल म्हणून. किरण कुठल्या ओळीवर आला ते चिपच सांगते. तेव्हा विचारायचं सुचलं नव्हतं, एवढंच.
चहा गार. दोघांचाही.

२७ सप्टें.
घोडी आली!! पण कमरेपासून बैल. शिफ्ट लवकर बदलतेय. घोडी खाटेवरून उठायच्या आत बैल आडवा.

२८ सप्टें.
बदल थोड्या ओळी खाली नेला. पळाली. अख्खी. पुढं घोडी, मागं चौघं, कुणी लुकलुकत नाही. एकटाच शर्यतीतलं भिर्रर्र ओरडलो. खालच्या मजल्यावरून विचारणा झाली.
दत्ताला व्हिडिओ... नको. आधी तात्या.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सौ.नं मिक्सर, स्कूटर, शिलाई मशीन सगळं पुसून पूजलं. संगणकालाही हळदकुंकू, झेंडूची माळ. मी हौसेनं फोटो काढले. गाढव.
दत्ता तात्यांना घेऊन आला. मी बटणाकडे हात नेला.
"हात काढ," तात्या म्हणाले. " पूजलेलं यंत्र आज चालवत्यात व्हय?"
अख्खं चाकण आज हत्यारं खाली ठेवतं, म्हणून तर दत्ता मोकळा. आणि मी मुहूर्त काढला तो हा. दत्ता म्हणाला, पाचच मिनिटं, तात्या. तात्यांनी त्याच्याकडे बघितलंही नाही.
काळ्या पडद्यापुढं बसून राहिले.
"घोडी हाय?"
"हाय, तात्या."
"पुढं?"
"उद्याच बघा."
काठी भिंतीला लावली. सौ.ला म्हणाले, जेवण हलकंच कर पोरी, मुक्काम हाय.

२ ऑक्टोबर, दसरा
माळ उतरवली. तात्या माझ्याआधी अंघोळ करून खुर्चीत. टीव्ही तापलाय, कॅसेट गुरगुरतेय, तोवर हे लिहितोय. पडद्यावर अजून नुसते पट्टे.
चष्मा पुसतायत. परत.