तिसरा वाडगा भात

उवाजिमा, २८ ऑगस्ट १९८७

चि. मिसाओस, अ. उ. आ.

कोहेई तुमच्याकडून सुखरूप पोचला. सोमाचा फोटो पाहिला. पोरगा आहे की विजेचा खांब! दोघं एकाच इयत्तेत, दोघं बेसबॉलवाले, आणि माझा त्याच्या काखेत मावतो. सोमा एप्रिलचा, कोहेई पुढच्या मार्चअखेरचा, ठाऊक आहे गं. पण शाळेत वर्ष एकच धरतात ना! खोटं कशाला बोलू, पोटात दुखलं. लहानपणीही चांगलं ते तुझ्याच ताटात पडायचं.

कोहेईच्या दुखऱ्या कोपरासाठी तिकडच्या डॉक्टरांनी हिवाळ्यापर्यंत चेंडू फेकू नको म्हटल्याची तुझी चिठ्ठी मिळाली. मग निदान खाऊन तरी वाढू दे. संघाचे गुरुजी म्हणतात, जेवण हाही सराव. रोज तीन वाडगे भात. तिसऱ्याला रडतो, पण मी उठू देत नाही.

माया वाढू दे, सोमाला मात्र जरा आवर.

तुझी ताई,
चिझुरू

मात्सुयामा, १९ सप्टेंबर

ती. ताईस, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र तीन आठवडे उशाशी आहे. आज लिहितेच.

दोघांची कोपरं तपासून झाल्यावर मीच तोऱ्यात डॉक्टरांना विचारलं, आमचा सोमा अजून किती वाढेल? हाडांचं वय पाहायला त्यांनी दोघांच्या हातांचे एक्स-रे काढले. म्हणाले, सोमाची हाडं चौदाव्या वर्षीच सोळा-सतराच्या मुलासारखी, वाढ जवळपास संपली. कोहेई तेराचा, पण हाडं अकराची. तो सावकाश वाढेल, बहुतेक सोमाच्याही वर जाईल. फक्त घाई करू नका.

तुला मी कोपराचं तेवढं कळवलं. बाकीचं लिहवेना. माझ्या ताटाचं म्हणतेस, मला तर माझ्या वाट्याला येणारे तुझे जुने कपडेच आठवतात. सोमाच्या उंचीमुळे एकदाच तुझ्या पुढे होते, तेही जाणार म्हणून जळले. भात थांबव. रागव, पण मला टाकू नकोस.

तुझी,
मिसाओ

उवाजिमा, २३ सप्टेंबर

चि. मिसाओस, आशीर्वाद.

पत्र सोमवारी आलं. आदल्याच दिवशी कोहेई गणवेश धुऊन, घडी घालून गुरुजींना परत देऊन आला होता. म्हणाला, आई, मला एवढं खाववत नाही. उद्या जाऊन गुरुजींची माफी मागते, त्याला संघात परत घेतील तर घेतील.

तुझा संताप आला. आणि सोमाची वाढ थांबल्याचं वाचून आधी बरंच वाटलं, हेही सांगते. पत्र कोहेईला वाचून दाखवलं. वाटलं, नाचेल. त्यानं एवढंच विचारलं, सोमाला हे कळलंय का? माहीत नाही म्हटलं, तर म्हणाला, मावशीला लिही, पुढच्या महिन्यातली सोमाची बेसबॉलची स्पर्धा होईपर्यंत त्याला सांगू नको.

तुझीच,
चिझुरू