देवाच्या वाट्याची मेंढरं

न्हाई, मला कुणी शिकवून बसवलेलं न्हाई, आन डोकंबी फिरलेलं न्हाई. कंबर मोडलीय, डोकं न्हाई. आधीच सांगून ठेवतो, म्हंजी मागनं कोण म्हणायला नगं की म्हातारा औषधाच्या गुंगीत काय बी बरळला. मी अर्जुना बिराप्पा लवटे, ऱ्हाणार लवटेवस्ती, तालुका आटपाडी, जिल्हा सांगली. सध्या मुक्काम उंब्रज, थोरला पोरगा मल्हार ह्येच्या घरात, दुसऱ्या मजल्याव. वय ऐंशीच्या आसपास. तिसरीतनं मेंढरांमागं गेलो, त्यामुळं सांगतोय मी आन लिवतीय मल्हारची पोरगी प्रांजल.

"आबा, 'कुणाच्याही दबावाखाली नाही' असं लिहावं लागतं," प्रांजल म्हणती.

लिव. राजीखुशीनं करतोय, दबाव न्हाई. पण खिडकीला गज हायत आन जिन्याच्या दाराला भाईरनं कडी हाय, त्ये बी लिव. मल्हार म्हणतो, "पडशीला आबा, डाक्टरची ऑर्डर हाय." लष्करातनं येऊन किती वर्सं झाली, तरी त्येच्या तोंडातली ऑर्डर जात न्हाई. पोरगं चांगलं हाय. आंघुळीला गरम पाणी देतं, सून येळंव जेवाय वाढती. वायट आसती तर शिव्या घालून कवाच निघून गेलो आसतो. चांगल्या माणसाच्या हातनं कसं सुटायचं?

दिवाळीपास्नं खालनं, सर्विस रोडनं, आमच्याकडची मेंढरं कोकणाकडं चालल्यात. घुंगरू ऐकलं की कुणाचा कळप ते मला कळतं. गजातनं हाका मारतो. ट्रकच्या आवाजात कोण ऐकतंय.

तर पयलं कलम. वस्तीवरलं घर आन खालची चार एकर, मी सोता घेतलेली, ती दोघा पोरांत निम्मी निम्मी. हीर सामाईक. मोटरवरनं भांडू नका. बांधावरलं लिंबाचं झाड तोडायचं न्हाई, त्येच्याखाली माजी बायकू हरणाबाई हाय.

दुसरं. लोकर कातरायची कातर मल्हारला. त्यो वापरणार न्हाई, भितीला टांगू दे. घोंगडं प्रांजलला. टोचतं म्हणती. टोचू दे, सवय झाली की सोडवत न्हाई. कुत्रा माज्या चुलतभावाला, कोंडीबाला. कुत्रा त्येला चावतो, म्हणूनच देतोय. कारण खाली येईल.

तिसरं कलम, ज्येच्यापायी ह्यो सगळा खटाटोप. देवाची मेंढरं.

ज्येला ठावं हाय त्येनं पुढं जावं. आमच्यात भाऊ येगळं झालं की मेंढरं वाटत्यात, आन बिरोबाला एका भावाचा वाटा देत्यात. चार भाऊ आसलं तर पाच वाटं. देवाच्या मेंढराच्या डाव्या कानाला चीर मारायची, म्हंजी मिसळलं तरी वळखू येतं. ती इकायची न्हाईत. घरटी पाळीनं राखायची आन त्येंच्या लोकरीचं घोंगडं देवाला घालायचं. झालं. येवढंच काम व्हतं. आमाला जमलं न्हाई.

बाहात्तर साली चारा संपला तवा पयली इकली ती देवाची. का? तर भाऊ भांडतो, देव भांडत न्हाई. एक मेंढी उरली, पार हाडं निघालेली, खाटकानंबी नगं म्हटलं. पुढच्या पावसात ती याली. आमची सोताची तवर मरून गेल्ती. त्या हाडकुळीच्या पोटातनं वस्तीचं कळप परत उभं ऱ्हायलं. आमी काय केलं? जत्रा मोठी केली आन दोन वर्सांत परत देवाचीच इकाय लागलो.

मग रोग आला. घरोघरची मेंढरं पडली, देवाची तेवढी उभी. पाळी माजी व्हती. सगळी वस्ती माज्या मेंढरांच्या वाडग्यापुढं आली. "एक मेंढी दे गड्या, कळप झाला की देवाची देवाला परत करतो." दिली. परत कुणी आणली न्हाई. कोंडीबानं तर चीर दिसू नये म्हणून अख्खा कानच कापला. मी इचारलं तर म्हणतो, "कुत्र्यानं तोडला." आता कळलं का, कुत्रा का दिला ते?

मग कॅनॉलचं पाणी येणार म्हणाले. सगळ्यांनी देवळात भंडारा उचलून शपथ घेतली, पाणी आलं तर देवळामागचं रान देवाच्या मेंढरांना चरायला सोडू. मी बी उचलला. पाणी आलं. पयली डाळिंबं देवळामागंच लागली. मी वाट बघत बसलो. म्हटलं आता कायतरी व्हणार, बागा जळतील, पाणी आटंल. काय बी न्हाई. डाळिंबं ही येवढाली! कोंडीबाची तर परदेशात गेली.

हितं माजी आडचण हाय, नीट लिव. देवानं एकदा काठी हाणली आसती तर मिटलं आसतं. त्यो त्येच्या वाटंनं, आमी आमच्या. हाणत न्हाई. आमी खातो, त्यो देतो. आमी इसरतो, त्यो परत देतो. ह्येच्यातनं भाईर पडायला दारच न्हाई. ह्या जिन्याला निदान कडी हाय, कोणतरी काढंल.

"आबा, असं मृत्युपत्रात लिहीत नाहीत."

कुठं लिवत्यात मग? लिव.

डाळिंबं आल्याव सगळ्यांनी मेंढरं काढून टाकली. वस्तीत उरली ती फकस्त देवाची, आन मागं हिंडणारा मी. दसऱ्याच्या आधी शेवाळावरनं पाय सरकला, कंबर गेली. कराडला आपरेशन झालं आन मल्हारनं हितं आणून ठेवलं. मेंढरं धाकल्याच्या, पप्पूच्या, गळ्यात पडली. परवा कोंडीबाचा फोन आला, लय खुशीत. "आरं अर्जुना, तुजं पोरगं खाटकाला बोलावतंय की रं!" पप्पूला फोन लावला तर उचलत न्हाई. मला जिना उतरता येत न्हाई. हातात काय हाय माज्या? ह्यो कागद.

तर राखणदारी कुणाला? मल्हारला इचारलं. "आबा, हायवेला मेंढरं कुठं बांधू? खाली कृष्णातच्या टायरच्या दुकानात?" पंचांना दिली तर ते जत्रंच्या आधीच जत्रा करतील. प्रांजल म्हणती, "मी कराडला कॉलेजला जाते, आबा." आन पप्पू. पप्पूला न्हाई. मोठ्या अक्षरात लिव. पप्पूला न्हाई.

कुणाला ते मोकळं सोड. उद्या बघू.

आज रविवार. पप्पू आला. चप्पल दारात काढून उभाच ऱ्हायला.

"इकलीस?" मी म्हटलं.

"इकली."

"समदी?"

"एक ठिवली. गाभण व्हती म्हणून त्येनं नेली न्हाई."

मल्हार त्येच्या अंगाव धावला. "देवाची व्हती रं ती! लाज हाय का?"

"तू आलातास व्हय राखायला? बागंत शिरत्यात, कोंब खात्यात. मी औषध मारू का मेंढरं वळू? हितं गॅलरीत बसून देव आठवतोय व्हय!"

खरं व्हतं ते. दोघंबी काय वायट न्हाईत.

मग पप्पू खाली बसला. म्हणला, "काल याली, आबा. जुळं झालं. दोनीबी माद्या. एकीला दूध पुरंना, बायको बाटलीनं पाजतीय. घरात हागून ठेवलंय सगळं. काय करू ह्येंचं आता?"

"कान?"

"कसला कान?"

"कोकरांचा रं. चीर?"

त्येनं मान खाली घातली. "मारली."

"कुणी सांगटलं?"

"कुणी न्हाई."

मी भितीकडं तोंड फिरवलं. झालं, परत सुरू. सगळी इकून खाल्ली, आन ह्येनं परत जुळं दिलं. ज्येनं इकली त्येच्याच घरात दिलं. ह्यो देव ऐकत न्हाई.

"मला वस्तीव ने," मी पप्पूला म्हटलं. पप्पूनं मल्हारकडं बघितलं. मल्हार म्हणला, "अजून दोन म्हैने तरी न्हाई. ऑर्डर हाय." पप्पू च्या पिऊन गेला. कडी लागली. आवाज आला मला.

आता तिसऱ्या कलमात मोकळी जागा हाय तिथं लिव. सदर मेंढी आन तिची दोन कोकरं माज्या मालकीची न्हाईत, बिरोबाची हायत, सबब ती मी कुणाला देऊ शकत न्हाई. त्येंची राखणदारी माजा धाकला मुलगा पप्पू ह्येच्याकडं. वरचं 'पप्पूला न्हाई' खोडू नगं.

"आबा, दोन्ही कसं चालेल?"

चालतंय. आमचं इतकी वर्सं तसंच चाललंय.

"मग अट घालू का? विकल्यास जमिनीतला वाटा रद्द?"

न्हाई. अट नगं. आमाला कुणी घातली व्हती?

चौथं आन शेवटचं. मेल्याव मला हितं जाळू नका. पप्पूचा छोटा हत्ती टेंपो हाय, ज्यातनं मेंढरं गेली, त्यातनंच मला वस्तीव न्या आन लिंबाखाली हरणाच्या शेजारी पुरा. बँड नगं, फोटो नगं, भाषण तर नगंच नगं. जिना उतरताना कडी काढाया इसरू नका.

ह्ये सगळं प्रांजलनं मला मोठ्यानं वाचून दाखवलं. मी बोललो तसंच हाय. आधी काय लिवलं आसल तर ते रद्द, पण आधी काय लिवलेलं न्हाई.

ठिकाण : उंब्रज, तालुका कराड, जिल्हा सातारा
तारीख : ८ डिसेंबर २०२४

सही : अर्जुना बिराप्पा लवटे (सही वाकडी आली, माजीच हाय)

लिहून घेणार : प्रांजल मल्हार लवटे

साक्षीदार :
१. वीरधवल थोरात, डॉक्टर, उंब्रज
२. कृष्णात साळुंखे, टायरचं दुकान, खालचा मजला

कृष्णात सही करता करता इचारतोय, "आवं आबा, पप्पूनं ही तिन्हीबी इकली तर वो?"

त्येच्याव मला काय बोलायचं न्हाई. पेन ठेव, प्रांजल.