कोऱ्या पानावरची सही

इंदापूर, मुलींचं वसतिगृह

आबा,

तुम्हाला आणि आईला नमस्कार. मी बरी आहे, जेवणही पोटभर मिळतं. शेळी व्याली का? फोनच केला असता, पण आई शेजारी असते आणि माझा आवाज तिला लगेच कळतो.

मुलींनी मला शाळेच्या समितीवर निवडून दिलं, तेव्हा तुम्ही लोणीत पेढे वाटले होते. अभ्यासिका रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा, एवढंच मला मागायचं होतं. शिक्षकांचे प्रतिनिधी देशमाने सर. तसा अर्जही त्यांनीच माझ्याकडून लिहून घेतला. सोमवारी बैठकीआधी त्यांनी रजिस्टर पुढं केलं. पान कोरं होतं. "सही करून ठेव, ठराव मागनं लिहितो," म्हणाले. मी केली.

काल फलकावर ठरावाची झेरॉक्स लागली. 'विद्यार्थिनी प्रतिनिधीच्या सूचनेवरून अभ्यासिका संध्याकाळी सहाला बंद.' खाली माझी सही. सर म्हणाले, "वरून सांगितलं होतं गं. मनाला लावून घेऊ नकोस."

खोलीतल्या मुली बोलत नाहीत. प्रगतीनं एवढंच विचारलं, "सही तुझीच हाय न्हवं?"

आबा, कोरं पान बघून मला काहीच वाटलं नाही. दूध संस्थेचा सेक्रेटरी रजिस्टर घेऊन आपल्या ओट्यावर येतो आणि तुम्ही, संचालक, धारेचे हात पुसून कोऱ्या पानावर सही करता. लहानपणापासून तेच बघितलं.

तुमच्यावर राग नाही, असं लिहिणार होते. लिहवत नाही.

खालची सही सगळं लिहून, दोनदा वाचून मग केली आहे.

उत्कर्षा